सुरेखा मॅडमची तांबडी फीत

"मोठं म्हंजी किती?"

सुरेखा मॅडमचा हा सवाल ज्यानं ऐकला न्हाई असा एकबी पेशंट त्या केंद्रात नव्हता. दार मोठं हाय म्हणलं की, मोठं म्हंजी किती? पायरी बारकी हाय म्हणलं की, बारकी म्हंजी किती, दोन बोटं का वीतभर? संडास जवळच हाय म्हणलं तर मग झालंच. जवळ म्हंजी किती पावलं? आन कुणाची पावलं, तुमची का हिची?

मी लिंबाजी. पेडगावचा गवंडी. चौथीपस्तोर शाळा, पुढं थापी. उभा जलम दुसऱ्याची दारं-खिडक्या बसवण्यात गेला, तवा माप काय चीज असती ते मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं. तरीबी त्या बाईम्होरं मी माप चोरलं. ते लिहायचंय. पण आधी मॅडम कशा ते लिहितो, म्हंजी मी काय केलं ते नीट समजंल.

दिवाळीच्या पाठीमागं माझ्या बायकोला, कौसाला, लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभबी जड पडली. तिला समदं समजायचं, पण तोंडातून दोन-चार शब्द निघायचे, आन तेबी तिला पायजी तवा न्हाई. मोठ्या दवाखान्यात जीव वाचला. तिथून आमाला परभणीलाच एका ट्रस्टच्या केंद्रात धाडलं. पडलेल्या हातापायाला पुन्हा कामाला लावायचं, आन माणूस घरी जायच्या आत त्याला काय सामान लागंल ते बघायचं, असं त्या केंद्राचं काम. सुरेखा मॅडम तिथं होत्या.

उंचीनं बुटक्या, चाल मातर झपाझपा. पांढऱ्या कोटाची बटणं कधी लावलेली बघितली न्हाईत. कोटाच्या खिशात शिंप्याची टेप, गूळ-शेंगदाण्याची पुडी, आन तांबड्या फितीची गुंडाळी. माप घेतलं की कागद हुडकत बसायच्या न्हाईत, डाव्या मनगटावर निळ्या पेनानं लिहायच्या. दिवस मावळायपस्तोर कोपरापर्यंत निळ्या. मग समदं वहीत उतरवून नळाखाली हात घासायच्या. एकदा मी बघितलं, मनगटावर एका दाराचं माप, त्याच्या खाली एका खाटंची उंची, आन त्याच्या खाली शेपू, हिरव्या मिरच्या.

मी म्हणलं, "मॅडम, हे खालचं कोन्या पेशंटचं?"

"हे माझ्या सासूबाईचं, बाबा. हे चुकलं तर मलाच चाकाच्या खुर्चीत बसावं लागंल."

मॅडम देवगाव फाट्याच्या. वडलांचं तिथं चहाचं हॉटेल. डॉक्टरांसंगं पुस्तकातल्यावाणी बोलायच्या, आमच्यासंगं आमच्यावाणी. म्हणायच्या, "फाट्यावर एसटी थांबती दहा मिनटं. कुणाला चहा पायजी, कुणाला मोरी हुडकायचीय, कुणाची म्हातारी गाडीच्या पायरीवर अडकलीय, हे गाडी थांबायच्या आत वळखता आलं पायजी. माझं कॉलेज तेच." हॉटेलवाल्याची लेक, पण स्वतःचा चहा कधी गरम पिलेला मी बघितला न्हाई. कप खिडकीत ठिवायच्या आन विसरायच्या. त्यात माशी पडली की दुसरा मागवायच्या. तोबी तसाच खिडकीत.

पयल्या दिवशी कौसाला काही विचारायच्या आत त्या स्वतः चाकाच्या खुर्चीत बसल्या आन म्हणल्या, "माय, मी तू झाले. सकाळी उठलीस. आता मला तुझ्या घरात फिरव. खाटंवरून पाय खाली टाकला, पुढं काय लागतं?" कौसा डाव्या हातानं हवेत दाखवायली. हिकडं चूल, हिकडं रांजण. मॅडम खुर्ची तशी तशी वळवायल्या. हॉलमधल्या समद्या बाया हसायल्या. लकवा मारल्यापासून कौसा पयल्यांदा हसली ती त्या दिवशी. तोंड एका बाजूनंच हसलं, पण हसली.

आता फोनचं सांगतो. आधी केंद्राची जीप पेशंटच्या घरी जायची, माप घ्यायची. पण जीप एक आन गावं ढीगभर. पालमच्या पल्याडचा माणूस दोन-दोन महिने वाट बघायचा, तवर इथं शिकलेलं समदं विसरून पुन्हा आडवा. म्हणून मॅडमनं फोनवर घर बघायचं सुरू केलं. घरचं माणूस गावाकडं जायचं, तिथून व्हिडिओवर घर दाखवायचं. मॅडम हिकडं हॉलमधी बसायच्या आन पेशंटला बाजूला स्टुलावर बसवायच्या. "घर त्याचं हाय. त्याच्याशिवाय कसं बघू?" असं म्हणायच्या. मग ठरायचं, ह्याला वॉकर, ह्याला चाकाची खुर्ची, ह्याच्या संडासात धरायला दांडी.

आमच्यासारख्याला इंचं-सेंटिमीटर वाचता येत न्हाईत हे त्यांला ठाव होतं. म्हणून ती फीत. चाकाच्या खुर्चीची जेवढी रुंदी, अधिक दोन्हीकडं बोटाएवढी जागा, चाक फिरवताना हात सोलू न्हाई म्हणून. तेवढी फीत कापायची आन दोन्ही टोकाला गाठ मारायची. घरी जाणाऱ्याच्या हातात ती द्यायची. दारात आडवी धरायची. दोन्ही गाठी चौकटीच्या आत ऱ्हाऊन फीत सरळ तानली, तर खुर्ची जाती. फीत लोंबली, तर न्हाई जात. एवढं सोपं.

फोन कसा धरायचा ते मॅडमनं मला व्हरांड्यात शिकवलं. लेकीनं तिचा जुना फोन दिला होता. मी हिरवं बटन दाबलं आन मोठ्या रुबाबानं भिंत दाखवायलो. जरा वेळानं मॅडमचा आवाज आला, "बाबा, मला तुमच्या नाकातले केस मोजायचे न्हाईत. कॅमेरा पलटी करा."

बघण्यात त्यांची नजर लय बारीक. एकाचं घर बघताना एकदम म्हणल्या, "थांबा. मागं फिरवा. ती शेळी कुठं बांधलीय?" संडासाच्या वाटंवर शेळीचं दावं होतं. "शेळीला सांगा, मॅडमनं जागा बदलायला सांगितलीय. न्हाई ऐकलं तर फोन तिला द्या." परभणीतलाच एक पैशेवाला होता, वडलांच्या मोरीत चकचकीत फरशी. लेक लय कौतुकानं दाखवायला. मॅडम म्हणल्या, "तांब्याभर पाणी ओता. आता चप्पल काढून चाला." तो दोन पावलं चालला आन भिंतीला धरून उभा ऱ्हायला. मॅडम म्हणल्या, "मोठं घर हाय तुमचं. पडायला लय जागा हाय." असं तोंडावर. घर भारी का हलकं, बाईला त्याचं काही नव्हतं. पाय कुठं अडकतो तेवढंच बघायच्या.

एकदा पालमची शेवंताबाई फोनवर आली. तिचा नवरा मारुती आमच्या बाजूच्या खाटंवर होता. आडदांड माणूस, दोन्ही पाय गेलेले. शेवंतानं घर दाखवलं, तर दाराला दारच न्हाई. पोत्याचा पडदा. हॉलमधी समदे मान वर करून फोनात बघायले. मॅडमनं हातावर हात मारला. म्हणल्या, "लय बेस! चौकटीचा घोरच न्हाई. ह्याच्यातून तर मारुतीभाऊ खुर्चीतून वरातीवाणी जातील!" शेवंता तिकडं खूष.

मी हसलो. मॅडमच्या बोलण्याला न्हाई, पोत्याला हसलो. बाजूच्याला म्हणलंबी, "पोतं! दाराला पोतं!" मारुतीनं ते ऐकलं. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

हे कामून लिहितो? कारण चार दिवसांनी माझी पाळी होती.

माझं घर सांगतो. एक खोली, मातीच्या भिंती, वर पत्रा. दार बाभळीच्या जुन्या चौकटीचं, साडेबावीस इंच. मी गवंडी, मला इंचं ठाव हायत. उंबरठा साडेचार. संडास आंगणाच्या पल्याड, त्याला दोन पायऱ्या, त्या मीच घातलेल्या. आयुष्यभर लोकांची घरं बांधली, स्वतःचं उद्या बांधू, परवा बांधू म्हणत ऱ्हायलो. कौसा म्हणायची, "आवो, गवंड्याच्या बायकोला तेवढं घर मिळत न्हाई वाटतं." मी म्हणायचो, "पुढच्या साली."

शेजारी गुरुजींचं घर. शाळेतून रिटायर होऊन ते लेकाकडं पुण्याला गेले. घर रिकामं, किल्ली माझ्याकडं. ते घर मी बांधलेलं, पाया भरण्यापासून. सपाट फरशी, रुंद हिरवं दार, संडास-मोरी आतच.

गेटवर एकानं मला सांगितलं होतं की घर बरं नसलं तर ट्रस्ट सामान देत न्हाई. ते मी पुढं लय दिवस कारण म्हणून धरलं. खोटं हाय ते. पोत्याच्या घराला मॅडमनं खुर्ची मंजूर केलेली मी डोळ्यानं बघितली होती. खरं कारण एवढंच, की मी हसलो होतो. आता हॉल मला हसंल, मारुती मला हसंल, ह्या शरमंनं मी शेजारचं कुलूप काढलं.

फोन लागला. फोनभर मॅडम, आन बाजूला स्टुलावर कौसा. मी दाखवतो ते घर खाली कोपऱ्यात, बोटाएवढ्या चौकटीत.

"वा बाबा! हिरवं दार! फीत धरा."

मी फीत धरली. सरळ तानली, वर चार बोटं जागा उरली.

"उंबरठा?"

"न्हाई मॅडम. सपाट."

"संडास?"

मी दाखवला. तोटीबी सोडून दाखवली. मॅडम मनगटावर लिहायल्या. मग नेहमीवाणी बाजूला वळल्या आन विचारलं, "माय, हेच ना तुझं घर?"

कौसानं फोनात बघितलं. गुरुजींच्या घरी ती उभं साल पाणी मारायला होती, विटा भिजवायला. तिला वळखू आलं नसंल असं होणार न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हंजी फोनात बघितलं, पण ते माझ्याकडंच. मग तिनं मान हालवली. होय.

मॅडम म्हणल्या, "मग पायरीचं शिकवायला नको."

ह्या एका वाक्याचा अर्थ मला तवा समजला न्हाई. हॉलच्या कोपऱ्यात दोन लाकडी पायऱ्या होत्या. ज्यांच्या घरी पायरी असायची त्यांला मॅडम आठ-आठ दिवस तिथं चढ-उतार करायला लावायच्या. चढताना धड पाय म्होरं, उतरताना दुखरा. हात कुठं, काठी कुठं, समदं घोकून घ्यायच्या. कौसाला त्या पायऱ्यांवर कधी नेलंच न्हाई. आमच्या घरी पायरी नव्हती ना. तिला सपाट फरशीवर चालायला शिकवलं, चाकाची खुर्ची दिली, आन टेम्पोत बसवून घरी धाडलं. निघताना मॅडमनं तिच्या पदरात गूळ-शेंगदाण्याची पुडी बांधली.

खुर्ची दारातून आत गेली न्हाई. जाणारच नव्हती. कौसाला मी काखंत धरून आत घेतलं, खुर्ची आंगणात ऱ्हायली. दोन दिवसांत कोंबड्या बसायल्या तिच्यावर. चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"बाबा, खुर्ची आत जाती ना?"

"जाती, मॅडम."

"दाखवा बरं."

"फोनला चार्जिंग न्हाई."

संडासाच्या दोन पायऱ्या मोडून उतार घालायला मला किती लागतंय? अर्धी पाटी सिमेंट आन एक दिवस. लोकांच्या गोठ्याला मी उतार घातलेत, म्हशी घसरू न्हाईत म्हणून. उद्या करतो म्हणलं. पाहुणे येऊन गेले की करतो म्हणलं. नवव्या दिवशी सकाळी मी नळावर हंडा लावून उभा होतो. कौसानं हाक मारायचा परयत्न केला असंल, पण तिची हाक निघत नव्हती. ती एकटीच काठी घेऊन निघाली. पयली पायरी चढली. दुसरीवर दुखरा पाय म्होरं टाकला. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

खुबा मोडला. तिथून ती उठलीच न्हाई.

मोठ्या दवाखान्यातून केंद्राला समजलं, आन तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज वळखू येईना. "बाबा, मी ते समदं पुन्हा बघितलं. फोटो काढून ठेवलेत मी. मला कुठं पायरी दिसंना. माझंच काहीतरी बघायचं ऱ्हायलं. मी मोठ्या डॉक्टर सायबाला तसं लिहून दिलंय."

मी होय म्हणलो न्हाई. न्हाईबी म्हणलो न्हाई. फोन कानाला, आन खाटंवरून कौसा माझ्याकडं बघायली. मॅडम म्हणल्या, "बाबा, माफ करा मला." तरी मी खरं सांगितलं न्हाई.

घर खोटं दाखवलं ते शरमंनं. हे दुसरं मातर मी पुरता शुद्धीत असताना केलं. त्याचं मला जास्ती लागतं.

खाटंवर पडून पडून कौसाच्या छातीत कफ झाला. दोन महिन्यांनी ती गेली. शेवटी शेवटी एकच शब्द नीट निघायचा, "जेवलाव?" एवढाच. मला विचारायची.

तिच्या जलदानाच्या दिवशी आंगणात मांडव होता. बुद्धवंदना चालू होती. तवा मॅडम आल्या. एसटीनं आल्या असतील, चप्पल धुळीनं भरलेली. कोट नव्हता अंगावर, पांढरी साडी होती. फाटकात उभ्या ऱ्हाऊन त्यांनी आधी शेजारचं हिरवं दार बघितलं. मग माझ्या घराकडं बघितलं. मग आंगणातली खुर्ची, मग संडासाच्या पायऱ्या. बघण्याचं कामच त्यांचं. मी मांडवातून बघत होतो.

त्या कौसाच्या फोटोम्होरं मेणबत्ती लावून बसल्या. लेकीनं चहा दिला तो पिल्या. गरमच पिल्या, एका दमात. जाताना दारात वाकल्या. पिशवीतून फीत काढली आन चौकटीत आडवी धरली. फीत लोंबली. जरा वेळ तशीच धरून ऱ्हायल्या. मग गुंडाळली, पिशवीत टाकली, आन माझ्याकडं वळून हात जोडले. लेक म्हणली, "कोन होत्या, आप्पा?" मी म्हणलं, "दवाखान्यातल्या."

मला वाटलं आता केंद्रातून कुणीतरी येईल, जाब विचारील. कुणी आलं न्हाई. महिना-दीड महिना गेला. परभणीच्या एसटी स्टँडवर मला शेवंताबाई भेटली. कंबर धरून चालायली होती.

मी विचारलं, "मारुती कसा हाय? खुर्चीवर बसतो का?"

"कशाची खुर्ची, भाऊ? त्याहिच्या अंगाच्या मापाची यायची होती, तवर फोनवरचं समदं बंद केलं. पेडगावच्या एका बाईचं माप चुकलं म्हणं मॅडमच्या हातून, बाई पडली. आता जीप येऊन पुन्हा बघंल तवा खरं. चार महिने झाले, मीच पाठीवर घेऊन आंगणात आणती." आन हसली. "दाराला पोतंच हाय बघा, आत-बाहेर करायला अडचण न्हाई."

तिला ठाव नव्हतं ती पेडगावची बाई कोन. मी तिच्याम्होरं उभा होतो आन मला सांगता आलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची धुतली. कोंबड्यांची घाण खरवडून काढली. एसटीत चढवायलो तर कंडक्टर म्हणला, "बाबा, पेशंट कुठं हाय?"

"रिकामीच हाय," मी म्हणलं. त्यानं पुढं विचारलं न्हाई. खुर्ची आत घ्यायला हात लावला.

केंद्राच्या हॉलमधी मोठे डॉक्टर होते, पेशंट होते, मॅडम एका म्हातारीची बोटं मोकळी करायल्या होत्या. मी खुर्ची ढकलत मधोमध नेली.

"सायेब, ही खुर्ची परत. आन एक सांगायचंय, समद्यांम्होरं. मॅडमचं माप बराबर होतं. घर माझं नव्हतं. मी शेजारच्याचं दाखवलं."

डॉक्टरनी चष्मा काढला. "कशासाठी?"

"शरम वाटली."

"मग फोनवर भरवसा ठेवायचा कसा, बाबा? उद्या दुसरा कुणी असंच दाखवील."

"सायेब, मी गवंडी हाय. भिंत वाकडी निघाली तर आमी ओळंबा फेकून देत न्हाई. भिंत पाडतो. मला काय बोलायचं ते बोला, लिहून घ्यायचं ते घ्या. पण मॅडमच्या नावावरचं खोडा, आन पालमच्या मारुतीला खुर्ची द्या."

डॉक्टरनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनं म्हातारीचा हात हळू खाली ठिवला आन मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. मला वाटलं, चांगलं म्हणतील. मी म्हातारा तेवढ्याची आस धरून होतो, हे कबूल करतो.

"चार महिने, बाबा," त्या म्हणल्या. आवाज चढला होता. "त्या दिवशी मी तुमच्या दारात फीत धरली, तुमी बघितलं. बघितलं का न्हाई?"

"बघितलं."

"मला वाटलं, आठ दिवसांत येतील. रोज गेटकडं बघत होते मी. तिकडं शेवंताबाईची कंबर गेली."

"तुमी कामून न्हाई सांगितलं सायबाला?"

"काय सांगू? खेड्यातले लोक फोनवर खोटं दाखवत्यात, असं एकदा ठरलं की कायमचं ठरलं. माझं चुकलं म्हणलं तर निदान मला ते दुरुस्त करता येतंय." मग त्या थांबल्या. खिडकीतला कप हातात घेतला, गार होता, पुन्हा ठिवला. "आन मायनं मान हालवली होती. तिनं झाकलेलं मी कसं उघडं करू?"

मी भिंतीला धरून खाली बसलो. त्यांनी मला उठवलं न्हाई. जरा वेळानं नेहमीच्या आवाजात विचारलं, "संडासाच्या पायऱ्या मोडल्या का?"

"न्हाई."

"वय किती तुमचं?"

"सत्तर असंल."

"असंल म्हंजी किती?" म्हणल्या, आन तोंड फिरवलं. "मोडा त्या. आन मला फोनवर दाखवा." खिशातून फीत काढली, माझ्या हातात दिली, आन आत गेल्या.

मी मोडल्या. एका दिवसात झालं काम. उतार लांब घेतला, खरबरीत ठिवला, पाय सरकू न्हाई म्हणून. सिमेंट वाळलं तवा लेकीचा फोन घेऊन मी हिरवं बटन दाबलं. मॅडम दिसल्या. हॉलमधीच बसलेल्या, खिडकीच्या बाजूला. मागून मारुतीच्या खुर्चीचा कागद निघाल्याचं कुणीतरी कुणाला तरी सांगायलं होतं.

मी म्हणलं, "मॅडम, उतार दाखवतो."

"थांबा. आधी चूल दाखवा."

"चूल कामून?"

"आता समद्यांला आधी चूल विचारते. घर कुणाचंबी दाखवता येतं, बाबा. चुलीपाशी माणूस कसा वागतो ते लपत न्हाई."

मी आत गेलो. चूल दाखवली. बाजूला कौसाचा पाट, भिंत तिची पाठ टेकून टेकून काळी झालेली. फुकणी कुठं असती ते मला हुडकावं लागलं न्हाई. मग दार. फीत धरली. लोंबली.

"किती?"

"अडीच इंच कमी."

त्यांनी मनगटावर लिहिलं. मग उंबरठा, मग आंगण, मग उतार. फोन हलू न्हाई म्हणून मी दोन्ही हातानं धरला होता. मॅडम लय वेळ उतार बघत ऱ्हायल्या. पेन हातात तसंच.

मग सवयीनं त्या बाजूला वळल्या, पेशंटला विचारायला वळत्यात तशा. तोंड उघडलं होतं. बाजूचं स्टूल रिकामं होतं.